स्थायू, द्रव, वायू: मधला चौकोन चुकलाय

तिरकस_तपास (धागाकर्ता)

शाळेच्या गाइडांत, वर्गातल्या तक्त्यांवर आणि आता यूट्यूबवरच्या शिकवण्यांतही एक चित्र हमखास भेटतं. तीन चौकोन. पहिल्यात गोळ्या शिस्तीत रांगेत, एकमेकींना चिकटून. मधल्यात त्याच गोळ्या जरा सुट्या, मध्ये बऱ्यापैकी फटी. तिसऱ्यात पाच-सहा गोळ्या भिरभिरताना. खाली लिहिलेलं: स्थायू, द्रव, वायू.

माझं म्हणणं असं की यातला मधला चौकोन सरळसरळ चुकीचा आहे, आणि तो तक्त्यावरून काढून टाकावा.

बहुतेक पदार्थ वितळताना जेमतेम काही टक्के फुगतात. तेही आकारमानात. दोन शेजारी कणांमधलं अंतर बघायला गेलं तर वाढ एक-दोन टक्क्यांचीच. पाण्याचं तर उलटंच आहे: बर्फाची घनता ०.९१७, पाण्याची १, म्हणजे वितळल्यावर रेणू आणखी दाटीने बसतात. मग द्रवाच्या चौकोनात आख्खी गोळी आरपार जाईल एवढी फट आली कुठून?

तिसरा चौकोन उलट्या बाजूने चुकलाय. १ ग्रॅम पाण्याला १ घनसेंमी जागा लागते. त्याचीच १०० अंशांची वाफ साध्या हवेच्या दाबाला साधारण १६७० घनसेंमी जागा घेते. घनमूळ काढा, जवळपास १२ येतं. म्हणजे तक्त्यावर गोळी १ सेंमीची काढली तर तिची शेजारीण १२ सेंमीवर हवी. त्या चौकोनात एकच गोळी मावेल, दुसरी शेजारच्या भूगोलाच्या नकाशावर जाईल.

पोरं यातून शिकतात काय? स्थायूत जवळ, द्रवात थोडं लांब, वायूत खूप लांब. पेपरात हेच लिहिलं की पूर्ण गुण. पण स्थायू आणि द्रव यांच्यातला खरा फरक अंतराचा नाहीच. रचना नेटकी आहे की विस्कटलेली, आणि कणाला आपली जागा सोडून शेजाऱ्याच्या पलीकडे सरकता येतं की नाही, फरक तिथे आहे.

शिक्षक, पालक, कारखान्यातले लोक, सगळ्यांची मतं ऐकायला आवडेल.

---

टपरीवरचा_गण्या

पहिला! आता वाचतो.

---

खडूधारी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. सातवी-आठवी. तुमचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही.

सहावीच्या पोराला पहिल्यांदा एवढंच गळी उतरवायचं असतं की समोरचा दगड अखंड दिसतो पण अखंड नाही, आणि पाणी सपाट दिसतं पण तेही कणांचंच. ही उडी केवढी मोठी आहे याची मोठ्यांना कल्पना येत नाही. डोळ्यांनी दिसतं त्याच्या विरुद्ध काहीतरी मान्य करायचं असतं त्यांना. तिथे १२ पट की ४ पट हा वाद घालत बसलो तर मूळ गोष्ट राहून जाईल. आठवीत 'द्रव्याचे संघटन' शिकवताना आंतररेण्वीय बल येतं, तेव्हा दुरुस्ती करता येते की.

---

चिंगीची_आई

खडूधारी सर, दुरुस्ती होत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे. माझी लेक आठवीतच आहे. तिला विचारलं, द्रवाच्या चित्रात गोळ्यांच्या मध्ये जी पांढरी जागा आहे तिथे काय असतं गं? क्षणभरही न थांबता म्हणाली, "हवा." म्हटलं, आणि हवेच्या चित्रातल्या गोळ्यांच्या मध्ये? "तिथे पण हवाच असणार ना आई, दुसरं काय असणार!"

वर मलाच विचारते, मग तुझ्या वेळी काय असायचं?

---

कणखर

तुझ्या वेळी इथर (रिकाम्या जागेत भरलेलं असतं असं पूर्वी मानायचे ते काल्पनिक द्रव्य) असायचं म्हणावं. :)

---

खडूधारी

चिंगीची_आई, लेकीचं उत्तर जगभरातल्या पोरांचं उत्तर आहे, काळजी नसावी. इस्राएलमध्ये नोव्हिक आणि नुसबाउम या दोघांनी १९७८ मध्ये यावर अभ्यास केला होता. चंबूतली थोडी हवा काढून घेतली आणि मुलांना सांगितलं, उरलेली हवा कशी दिसेल ते काढा. पुष्कळ मुलांना कण मान्य असतात, पण मधली जागा रिकामी आहे हे पचत नाही. कोणी तिथे धूळ भरतं, कोणी ऑक्सिजन, कोणी 'आणखी हवा'.

दुसरा असाच अभ्यास न्यूझीलंडमधला, ऑस्बोर्न आणि कॉसग्रोव्ह, १९८३. प्रश्न होता: उकळत्या पाण्यातले बुडबुडे कशाचे? मुलांची उत्तरं: हवेचे, उष्णतेचे, किंवा हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे. ही तिसरी मंडळी तर रसायनशास्त्र शिकलेली, म्हणूनच चुकलेली. वर्गात विचारून बघा, आणि नंतर स्टाफरूममध्येही विचारा. मी विचारलंय, नावं सांगणार नाही.

---

टपरीवरचा_गण्या

एक मिनिट. मग कशाचे असतात बुडबुडे?? पंधरा वर्षं चहा उकळतोय.

---

बॉयलर_सूट_मधला

गणोबा, वाफेचे. पातेलं तापायला लागल्यावर कडेला जे बारीक मणी चिकटतात ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे. रटरट उकळी फुटल्यावर तळातून येणारे मोठे बुडबुडे म्हणजे निव्वळ पाण्याची वाफ. ही वाफ डोळ्यांना दिसतच नाही. किटलीच्या तोटीबाहेर दिसतो तो पांढरा लोट म्हणजे गार होऊन परत बनलेले पाण्याचे थेंब. तोटीच्या अगदी लगत नीट बघ, बोटाच्या पेरभर जागा मोकळी दिसते आणि पांढरं त्याच्या पुढे सुरू होतं. खरी वाफ त्या मोकळ्या जागेत आहे, तिथे बोट घालू नकोस.

---

उद्यमनगरी

मी कोल्हापूरचा, फाउंड्रीत आयुष्य गेलं. धागाकर्त्यांशी सहमत, पण एक गोष्ट आमच्या बाजूची सांगतो. तुम्ही म्हणता स्थायू-द्रवातलं अंतर 'जेमतेम काही टक्के'. त्या जेमतेम टक्क्यांवर आमचं पोट आहे, आणि नुकसानही त्यातच.

स्टील ओतलं की गोठताना साधारण ३-४ टक्के आकसतं. ॲल्युमिनियम ६ टक्क्यांच्या पुढेही जातं. साच्यात धातू भरला, बाहेरून कवच गोठलं, आत अजून पातळ आहे. ते आतलं गोठताना आकसणार, पण बाहेरचं कवच तर पक्कं झालंय. मग आत पोकळी पडते. वरून कास्टिंग चकाचक, मशीनवर घेतलं की आत भगदाड, माल रिजेक्ट. म्हणून साच्यावर रायझर ठेवतात, म्हणजे जादा धातूची टाकीच म्हणा. ती सगळ्यात शेवटी गोठली पाहिजे, तोवर ती खालच्या जॉबला (ओतलेल्या भागाला) धातू पाजत राहते. नंतर रायझर कापून परत भट्टीत.

आता गंमत बघा. ग्रे आयर्नला, म्हणजे जास्त कार्बनवाल्या ओतीव लोखंडाला, रायझर बराच लहान चालतो. का? तर त्यातला कार्बन गोठताना ग्रॅफाइट होऊन बाहेर पडतो आणि ग्रॅफाइट जास्त जागा घेतं, त्यामुळे लोखंडाचं आकसणं बरंचसं भरून निघतं. नवीन पोरगा डिप्लोमा करून येतो, त्याच्या डोक्यात तेच चित्र असतं: द्रव म्हणजे सुटे कण, स्थायू म्हणजे जवळ आलेले कण. त्याला ग्रे आयर्नचं गणित पहिल्यांदा पटतच नाही.

---

तिरकस_तपास

उद्यमनगरी, दंडवत घ्या. हा प्रतिसाद वेगळा धागा करण्याच्या लायकीचा आहे.

---

रानवारा

इतकं सगळं लिहिलंत पण एकानेही कणादांचं नाव घेतलं नाही याचं नवल वाटलं. परमाणू ही कल्पना आपल्याकडची. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि झरोक्यातून येणाऱ्या उन्हात जो धूलिकण दिसतो तेवढं त्र्यणुक. हे शाळेत शिकवा ना आधी.

---

कणखर

मी चणे-फुटाणे घेऊन बसतोय.

---

निवांत_वाचक

रानवारा, वैशेषिकांची, म्हणजे कणादांच्या परंपरेतल्या तत्त्वज्ञांची, झेप मोठीच आहे, वाद नाही. दगड तोडत तोडत कुठवर जाता येईल, हा प्रश्न निव्वळ तर्काने शेवटपर्यंत नेला त्यांनी. पण वर्गात आणाल तर पूर्ण आणा. त्यांचे परमाणू चार जातींचे: पृथ्वी, आप, तेज, वायू. आणि पृथ्वीच्या परमाणूला स्वतःचा गंध असतो. म्हणजे वस्तूचा गुण तिच्या सर्वांत लहान कणातही तसाच.

आजची पोरं नेमकी हीच चूक करतात. सोन्याचा अणू पिवळा, मेणाचा रेणू मऊ, बर्फाचा रेणू थंड, तापवल्यावर रेणू स्वतः फुगतो. कणरूप मॉडेलमधली सगळ्यात अवघड गोष्ट हीच की पिवळेपणा, मऊपणा, ओलेपणा हे एकट्या कणाचे गुण नाहीत. असंख्य कण एकत्र कसे बांधले गेलेत त्यातून ते येतात. पाण्याचा एक रेणू ओला नसतो. तेव्हा कणाद जरूर शिकवा, आणि लगेच पुढचा तास हा फरक दाखवण्यासाठी घ्या.

उन्हातल्या धूलिकणांबद्दल: ते नाचतात ते हवेच्या झुळकांमुळे. रेणूंच्या धडकांनी इतका मोठा कण नजरेला दिसेल असा हलत नाही.

---

रानवारा

पुढचा तास घ्या म्हणताय तर घेऊ की. माझी हरकत नाही. नाव घेतलं गेलं, पुरे.

---

अक्षता_परदेशी

ब्राऊनने परागकण नाचताना बघितले होते ना पण? आम्हाला तर तसंच शिकवलंय.

---

निवांत_वाचक

पुस्तकांतून थोडं घसरत आलेलं वाक्य आहे ते. रॉबर्ट ब्राऊनने १८२७ मध्ये क्लार्किया नावाच्या फुलाचे पराग पाण्यात ठेवले होते. पण थरथरताना दिसले ते परागकण नव्हते, परागकणाच्या आतून बाहेर आलेले त्याहून कितीतरी बारीक कण होते. आख्खा परागकण फार अवजड. ब्राऊन वनस्पतिशास्त्रज्ञ, त्याला आधी वाटलं की हा जिवंतपणाचा काही प्रकार असेल. मग त्याने काच, धातू, दगड यांची बारीक पूड पाण्यात टाकून बघितली. तीही नाचली. म्हणजे जीव-बीव काही नाही. इथे त्याने थांबून 'कारण ठाऊक नाही' म्हटलं, हे मला फार आवडतं.

कारण कळायला १९०५ उजाडलं. आइनस्टाइनने गणित मांडलं की न दिसणारे रेणू चहूबाजूंनी असमान धडकत असतील तर कण ठरावीक वेळात सरासरी किती भरकटेल. पॅरिसमध्ये ज्याँ पेरँने ते प्रत्यक्ष मोजलं. त्याने वापरले गँबोजचे कण. गँबोज म्हणजे पिवळा रंग देणारा डिंक, आणि तो ज्या झाडाचा ते गार्सिनिया कुळातलं. आपलं कोकम त्याचं भाऊबंद! अणूंचा पुरावा कोकमाच्या चुलतभावाने दिला म्हणायला हरकत नाही. ओस्टवाल्डसारखा मोठा रसायनशास्त्रज्ञ तोवर अणू नाकारत होता, त्याने १९०९ मध्ये मान्य केलं. पेरँला १९२६चं नोबेल मिळालं.

शाळेत ४०० पट दाखवणारा सूक्ष्मदर्शक असेल तर पिशवीतल्या दुधाचा थेंब भरपूर पाण्यात पातळ करून काचपट्टीवर घ्या आणि वर कव्हरस्लिप ठेवा. आधी सगळं एका दिशेला वाहताना दिसेल, ते थांबेपर्यंत धीर धरा. मग स्निग्धाचे अगदी बारीक गोळे जागच्या जागी थरथरतात. मोठ्या गोळ्यांकडे बघू नका, ते ढिम्म असतात.

---

गुलकंद

वाचतेय. मस्त धागा. कोकमाचं वाचून सोलकढी करायला घेतली.

---

लोकलप्रेमी

मी मुलाला लोकलने समजावतो. सकाळी साडेआठची फास्ट म्हणजे स्थायू, दुपारची स्लो म्हणजे द्रव, शेवटची गाडी म्हणजे वायू. पटकन कळतं.

---

तिरकस_तपास

लोकलप्रेमी, तुम्ही तोच मधला चौकोन रुळावर आणलात की हो! दुपारच्या स्लोमध्ये अंधेरीला आणखी पन्नास माणसं आत घुसू शकतात. द्रवात तशी जागाच नसते.

बघायचं असेल तर मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणा, सुईशिवाय. आधी हवा ओढा, तोंड अंगठ्याने घट्ट दाबा आणि दट्ट्या रेटा. निम्म्यापर्यंत आरामात जातो, सोडला की मागे येतो. आता पाणी भरा, वर तोंड करून बुडबुडा टिचकी मारून काढून टाका, आणि तसंच रेटा. दट्ट्या एक रेघही सरकत नाही, अंगठा मात्र लाल होतो. एका वातावरणाएवढा दाब वाढला तर पाणी वीस हजारांत साधारण एक भाग दबतं, ते डोळ्यांना काय दिसणार. ही सिरिंज एका हातात आणि ते तीन चौकोन दुसऱ्या हातात घेऊन पोरांना विचारा, मधल्यात इतकी मोकळी जागा आहे तर पाणी दबत का नाही? माझा मुलांच्या विज्ञान क्लबचा अनुभव आहे, चित्रावर संशय त्यांनाच येतो.

---

लोकलप्रेमी

मग साडेआठची फास्ट स्थायू आणि साडेआठचीच स्लो द्रव. दोन्ही ठासून भरलेल्या, पण स्लोमध्ये माणसं सरकत राहतात, "पुढे चला, उतरायचंय का" चालू असतं. चालेल?

---

तिरकस_तपास

आता पळेल!

---

मुक्काम_लेस्टर

इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. इथे 'पार्टिकल मॉडेल' याच नावाने अकरा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात होते. द्रव काढताना बहुतेक गोळ्या एकमेकींना टेकलेल्या हव्यात, रांग मात्र नको, हे पहिल्या दिवसापासून बजावतो. तरीही वर्गातली निम्मी चित्रं मधल्या फटींचीच येतात, कारण मुलांनी ती आधीच कुठेतरी पाहिलेली असतात. त्यामुळे दोष फक्त आपल्याकडच्या तक्त्यांचा नाही.

जीसीएसईच्या (इथल्या सोळाव्या वर्षाच्या शालेय परीक्षेच्या) वरच्या पातळीच्या रसायनशास्त्रात या मॉडेलच्या मर्यादाही अभ्यासाला असतात. अपेक्षित मुद्दे: चित्रात कणांमधली बलं दिसत नाहीत, सगळे कण गोल दाखवले आहेत, आणि ते भरीव दाखवले आहेत. म्हणजे मॉडेलचं कुठे फसतं हे सांगायलाही गुण मिळतात. मला हे आवडतं, पण खरं सांगू? मुलं तेही पाठ करतात. तीन मुद्दे, तीन गुण.

---

खडूधारी

मुक्काम_लेस्टर ताई, शेवटचं वाक्य वाचून जीव शांत झाला. वाटायचं आमच्याकडेच.

---

अगरबत्ती_प्रकरण

पाठ करण्याचं निघालंच आहे तर: कोपऱ्यात अगरबत्ती लावली, वास खोलीभर पसरला, म्हणजे कण सतत हलत असतात हे सिद्ध झालं. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात ही कृती होती. पण खोलीत वास काही मिनिटांत पोचतो तो मुख्यतः हवेच्या प्रवाहाने. पंखा, दार, आणि तापून वर जाणारी हवा.

नुसत्या विसरणाने, म्हणजे कण धडकत-भरकटत आपोआप पसरण्याने, किती वेळ लागेल? हवेतला रेणू सेकंदाला साधारण ५०० मीटर वेगाने धावतो, पण दर ७० नॅनोमीटरला कुणाला तरी धडकतो. सेकंदाला सातशे कोटींच्या आसपास धडका. त्यामुळे तो पुढे कमी आणि इकडेतिकडेच जास्त जातो. हवा पूर्ण स्तब्ध असेल तर ३ मीटर पलीकडे वास पोचायला तास नव्हे, दिवस लागतील. विसरण दाखवायचं तर शांत ठेवलेल्या पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाका आणि रात्रभर हात लावू नका.

---

टपरीवरचा_गण्या

रात्रभर हात लावू नका हे माझ्या पोरांना कोण सांगणार.

---

अक्षता_परदेशी

एक शंका. काचही द्रवच असते म्हणे? जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा खाली जाड झाल्यात, कारण ती ओघळते.

---

बॉयलर_सूट_मधला

लोककथा आहे. जुन्या पद्धतीने बनवलेल्या काचेची जाडी मुळातच सगळीकडे सारखी नसायची. नेहमीच्या तापमानाला काच शतकांतही तशी ओघळत नाही. पण तीन चौकोनांना काच खरंच अडचणीत आणते: रचना द्रवासारखी विस्कटलेली, वागणूक स्थायूची. तिला कोणत्या चौकोनात टाकणार? डांबराचंही तसंच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ पासून नरसाळ्यात डांबर ठेवलंय, हातोडीने मारलं तर फुटेल असं, आणि तरी त्यातून दहाएक वर्षांनी एक थेंब पडतो. मला वाटतं हे सगळं आठवीला नको, पण शिक्षकाला ठाऊक हवं.

---

चिंगीची_आई

मूळ मुद्द्यावर येते. चर्चा वाचून लेकीने द्रवाचा चौकोन टेकलेल्या गोळ्यांचा काढला, विस्कटलेला. शिकवणीतल्या सरांनी लाल रेघ मारली, म्हणे स्थायूसारखं दिसतंय. आता परीक्षेत काय काढायचं तिने?

---

खडूधारी

टेकलेल्या गोळ्याच काढू द्या, पण दोन गोष्टी करायला सांगा. एक, तळाशी गोळ्या आणि वर चौकोनाचा थोडा भाग रिकामा, म्हणजे द्रवाला पृष्ठभाग असतो आणि तो भांड्याचा आकार घेतो हे दिसतं. दोन, खाली एक ओळ: कण जवळजवळ आहेत, रचना अनियमित, एकमेकांवरून सरकू शकतात. ही ओळ असेल तर तपासणारा गुण कापणार नाही. मी तरी कापत नाही.

आणि तिरकस_तपास, तक्ता काढून टाका हे अजूनही मान्य नाही. तो भिंतीवर ठेवूनच पोरांकडून त्यातल्या चुका काढून घेईन.

---

तिरकस_तपास

हे चालेल. पण ज्या वर्गात तुमच्यासारखा मास्तर नाही तिथे तक्ता एकटाच शिकवतो, त्याचं काय?

---

सिंहगड_रोड

घरातला सगळ्यात सोपा प्रयोग कोणी सांगितलाच नाही: खोबरेल तेल. पुण्यात थंडी पडली की रुंद तोंडाच्या बरणीतलं तेल गोठतं. आधी कडेने पांढरं होतं, मध्ये पातळ राहतं. पूर्ण गोठल्यावर वरून बघा, मधोमध खळगा पडलेला असतो. उद्यमनगरींच्या कास्टिंगमधली पोकळी ती हीच. अर्धवट वितळलं की पांढरा गोळा तळाशी बसतो, तरंगत नाही. आणि शेजारी बर्फाचा ट्रे ठेवा, तिथे प्रत्येक खणात मधोमध टेंगूळ आलेलं असतं. एक आकसतो, एक फुगतो, आणि दोन्हीकडे फरक इतका थोडा की पट्टीने मोजावा लागेल.

---

उद्यमनगरी

वा! आमच्या ट्रेनी पोरांना हेच दाखवतो आता. भट्टी पेटवायला नको.

---

मांडवीकाठ

आम्ही पणजीला. इथे खोबरेल गोठलेलं क्वचितच बघायला मिळतं. फ्रीजमध्ये ठेवलं तर चालेल का? काचेच्या बाटलीत आहे.

---

सिंहगड_रोड

चालेल, २४-२५ अंशांच्या खाली गेलं की गोठतं, फ्रीजरची गरज नाही. तेल आकसतं त्यामुळे काच फुटायची भीती नाही. फक्त त्याच उत्साहात पाण्याची भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये ठेवू नका, आणि बाटलीपेक्षा वाटी घ्या, खळगा नीट दिसतो.